डुब्याचे खांदे

खिडकीतून ऊन आत आलं, की कादंबरी भोयरच्या फळीवरचं गाव जागं व्हायचं.

आधी मिरचीबाईच्या डोक्यावरचा कंदील हलायचा. मग चष्मेवालं खवलेमांजर ठोकळ्याठोकळ्यांची शेपटी हळूच उलगडायचं. त्याच्या शेजारचा तीन पायांचा पहिलवान मांड्या थोपटायचा. हात दोनच आणि मांड्या तीन, त्यामुळे एक मांडी बिचारी कायम रुसलेली. वर्ध्याच्या श्रावणातलं ऊन म्हणजे लहरी पाहुणा, आलं तर आलं. पण ते आलं, की कादंबरी पांघरुणातूनच डोळे किलकिले करून बघत पडायची. तिला वाटायचं, आपण अजून स्वप्नातच आहोत, आणि हे स्वप्न आपणच एकेक ठोकळा जोडून बांधलंय.

हे गाव कुठल्याच डब्यात मिळत नव्हतं. डब्यावरच्या चित्रात महाल असायचे, विमानं असायची. कादंबरी ती एकदा बांधायची, लगेच मोडायची आणि त्याच ठोकळ्यांतून कुणीतरी भलतंच माणूस काढायची. विमानाचा पंख मिरचीबाईचा पदर झाला होता. महालाचा घुमट पहिलवानाचं पोट.

ठोकळे होतेच तसे. दुकानात त्यांचं नाव लांबलचक होतं, पण सगळे म्हणायचे उबठोकळे. आजीच्या काळात गॅस पेटवायचा लायटर असायचा ना, खटका दाबला की आतल्या स्फटिकावर ताण यायचा आणि ठिणगी पडायची, तसाच एक कण प्रत्येक ठोकळ्याच्या पोटात होता. ठोकळा दुसऱ्यावर दाबला की त्यातून इवलीशी वीज निघायची. ती शेजारच्या मेणासारख्या थेंबात शिरायची आणि थेंबातले धातूचे बारीक कण दाबाच्या दिशेनं वळून बसायचे. हात उबदार असला तर मेण मऊ व्हायचं आणि ठसा खोल उमटायचा. मग उन्हातून शक्ती मिळाली, की ठोकळ्यातली पातळ पट्टी त्या ठशाप्रमाणे वाकायची, सरळ व्हायची, पुन्हा वाकायची. बस्स, इतकंच.

पण एवढ्याशा गोष्टीतून जे झालं, ते बनवणाऱ्यांच्याही ध्यानीमनी नव्हतं. पुष्कळ ठोकळे एकत्र आले की सगळ्या ठशांचा मिळून एक स्वभाव तयार व्हायचा! घाईनं टकाटक जोडणाऱ्याचं बाहुलं धावत सुटायचं. रागानं बांधलेलं पाय आपटायचं. कादंबरीची जिवलग मैत्रीण अल्पना उईके ठोकळे जोडताना सतत गुणगुणायची, तर तिचं एकूण एक बाहुलं झुलत चालायचं. हातात जे होतं, ते बाहुल्यात उतरायचं. आणि ते नकोसं झालं, तर ठोकळे बर्फाच्या कप्प्यात ठेवायचे. गारठ्यानं मेण तडकायचं, कण विस्कटायचे. काही तासांत ठोकळा कोरा.

फळीच्या अगदी टोकाला राहायचा डुब्या.

डुब्या म्हणजे बैलांच्या गावचा निरोप्या. दोन पायांवर उभा राहणारा बैल, अंगात निळी बंडी, गळ्यात पिशवी, आणि एक शिंग आखूड, कारण तेव्हा ठोकळे संपले होते. कादंबरीनं सहा वर्षांची असताना बांधलेलं हे पहिलं बाहुलं. बांधलं त्याच दिवशी ते बादलीत पडलं, म्हणून डुब्या. नंतर तिनं त्याचं डोकं बदललं, पाय बदलले, बंडीला खिसे लावले. खांदे मात्र तेच ठेवले. बिजागरीचे दोन ठोकळे उलटे बसवून तिनं खांद्याचा जो सांधा केला होता, तो तिचा पहिला शोध. त्याला हात लावायचं तिच्या जिवावर यायचं.

डुब्याची एकच खोड होती. तो थांबायचा. पाऊल उचलायचा, थांबायचा, मान एका बाजूला कलती करायचा, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून वाट बघितल्यासारखा. आणि मगच पाऊल टाकायचा.

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याला त्यानं हेच केलं होतं. पूर्वी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी बैल सजवून आणायची. आता लाकडी बैलांच्या जोडीला ठोकळ्यांचे चालते बैल आले होते आणि मोठ्या मुलांचा वेगळा गट निघाला होता. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली सगळे बैल रांगेत उभे करायचे. तोरण तुटलं, पोळा फुटला, की बैल सुटायचे ते थेट समोरच्या पारापर्यंत. बाकीचे पाराला पोचले तेव्हा डुब्या तोरणाखालीच मान कलती करून उभा होता. माइकवाले काका म्हणाले होते, "निरोप्याचा निरोपच हरवला वाटते!" सगळं मैदान हसलं होतं, आणि कादंबरी डुब्याला ओढणीत गुंडाळून घरी पळाली होती.

पण ती गेल्या वर्षीची कादंबरी. वर्गात नाव पुकारलं तरी पायाच्या अंगठ्याकडे बघणारी. यंदा शाळेत प्रार्थनेच्या वेळी एक मुलगी आली नाही, बाईंनी जवळ उभ्या असलेल्या हिच्या हातात माइक दिला, आणि हिला स्वतःचा आवाज सापडला. सापडलेली वस्तू माणूस सारखी खिशातून काढून बघतो ना, तशी ती तो आवाज सारखा काढून बघत होती. वादविवाद, नाटक, गॅदरिंगचं निवेदन. रिक्षावाल्यालासुद्धा ती आता निवेदन करून पत्ता सांगायची.

आणि तान्ह्या पोळ्याचं यंदाचं बक्षीस होतं उबठोकळे जिथं घडतात त्या प्रयोगशाळेतलं उन्हाळी शिबिर! नवे ठोकळे स्वतः घडवायचे, ते बनवणाऱ्यांच्या शेजारी बसून. कादंबरीला ते इतकं हवं होतं, की तिच्या वह्यांच्या मागच्या पानांवर नव्या ठोकळ्यांची चित्रंच चित्रं होती.

"तू गेल्या वर्षीची राहिली नाही ना," अल्पना म्हणाली, "मग डुब्या काहून गेल्या वर्षीचाच?"

"तेच तर! मी सहा वर्षांची होते, भित्री होते. माझी भीती त्याच्यात बसलीय."

"मग टाक बर्फात."

कादंबरीनं जोरात मान हलवली.

"नवीन ठोकळ्यांचा बांध मग," अल्पना म्हणाली.

"बांधला ना. दोनदा. झकास पळतो. पण तो डुब्या नाही वाटत गं. मिरचीबाईचा भाऊ वाटतो."

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती डुब्याला मांडीवर घेऊन बसली होती, तेवढ्यात दारावर टकटक झाली. दार सताड उघडं होतं. उंबऱ्याबाहेर बाबा उभे होते, हातात चिरलेल्या पेरूची बशी.

"येऊ का?"

अमोल भोयरांचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर ते गिऱ्हाइकाला विचारायचे, "आता बरं दिसते, की आधी बरं होतं?" गिऱ्हाइकाच्या कानावर काडी ठेवायच्या आधीसुद्धा विचारायचे. घरीही तसेच. पालकसभेत मागच्या बाकावर बसायचे आणि बोलायची वेळ आली की पाणी प्यायला जायचे. पूर्वी कादंबरीला ते कळायचंही नाही. आवाज सापडल्यापासून मात्र ते फार कळायला लागलं होतं.

"बाबा, सारखं काय येऊ का, येऊ का! घर तुमचंच आहे ना? सरळ या ना आत!"

बाबा आत आले नाहीत. हसले, बशी दाराजवळच्या स्टुलावर ठेवली आणि गेले.

कादंबरीनं डुब्याकडे पाहिलं. डुब्यानं पाऊल उचललं होतं, मान कलती केली होती, आणि तो थांबला होता.

"तू पण ना!" ती ओरडली, आणि त्याला नेऊन मटारच्या पिशवीमागे बर्फाच्या कप्प्यात ठेवून आली.

मग ती आईबरोबर बाजारात गेली. दरवर्षी या दिवशी त्या दोघी डुब्याची झूल आणायला जायच्या. आईनं घुंगरांवरून दुकानदाराशी मनसोक्त भांडून घेतलं. परत आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं आणि आभाळ पिकल्या पपईसारखं झालं होतं.

कादंबरीनं बर्फाचा कप्पा उघडला. मटार होते. डुब्या नव्हता.

परसात कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं.

ती मागच्या दाराशी गेली. बाबा पाटावर बसले होते, पाठमोरे. मांडीवर टॉवेल, टॉवेलात डुब्या. शेजारी कोमट पाण्याचं पातेलं, वाटीत हळद कालवलेलं लोणी, पळसाची दोन पानं. बाबा पान पाण्यात बुडवायचे, डुब्याच्या खांद्याजवळ न्यायचे आणि थांबायचे.

"दुखते का रे?"

मान एका बाजूला कलती करायचे. जरा वाट बघायचे. मग पान खांद्यावर ठेवून वरून तळहात दाबायचे, हलकेच, कितीतरी वेळ.

कादंबरी जागच्या जागी उभी राहिली. ती कलती मान! ती तिनं रोज सकाळी फळीच्या टोकाला पाहिली होती. ती भीती नव्हतीच. आणि तिची तर मुळीच नव्हती.

"बाबा?"

बाबा चोरी पकडल्यासारखे दचकले. "अवं, हा बर्फात पडला होता. मटाराच्या मागं. कुडकुडून राहिला होता बिचारा."

"बाबा, तो प्लास्टिकचा आहे."

"हो ना. ते तर आहेच." बाबांनी डुब्याच्या पाठीवर टॉवेल सारखा केला. "पण आज खांदशेकणी. आन् आपल्या घरी दुसरा बैल कोणता आहे?"

"दरवर्षी करता हे?"

"तू आन् आई बाजारात गेल्या की करतो. तू पहिल्यांदा याला बांधलं ना, तेव्हापासून. तू हसशील म्हणून बोललो नाही." ते स्वतःच थोडं हसले. "तुझ्या आबांच्या गोठ्यात चांद्या बैल होता. आता शेतात सगळी यंत्रंच, पण तेव्हा होता. आबा म्हणायचे, वर्षभर जू याच्या खांद्यावर असते, तर आजच्या दिवशी हात लावायच्या आधी त्याला विचारायचं. त्यानं मान हलवली की मग शेकायचं. आन् शेवटी कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

कादंबरीच्या डोक्यात एकदम सगळे दिवे लागले. कोमट पाणी! तळहाताची ऊब! ती भराभरा बोलायला लागली, हातवारे करत, परसभर फिरत. मेण कसं मऊ होतं, कण कसे वळतात, जोडताना दाबलेल्यापेक्षा शेकून दाबलेला ठसा कितीतरी खोल कसा जातो. "म्हणजे बघा ना बाबा, मी डोकं बदललं, पाय बदलले, तरी तो थांबायचाच, कारण ते खांद्यात होतं! तुमच्या हातातून! डुब्या थांबतो तो तुमच्यामुळे!"

तिनं वळून पाहिलं. बाबांचा हात डुब्याच्या खांद्यावरून उचलला गेला होता आणि हवेतच राहिला होता.

"म्हणजे गेल्या वर्षी सगळे हसले तुला," ते म्हणाले, "ते माझ्यामुळं?"

इतके शब्द सापडले होते तिला या वर्षी. त्यातला एकही आला नाही.

बाबांनी डुब्याला पाटावर ठेवलं. उजवा खांदा शेकून झाला होता, डावा राहिला होता. त्यांनी हळदीचे हात धुतले, पुसले. "तुझंच बरोबर होतं. ठेव त्याला परत आत. चांगला पळू दे."

दुसऱ्या दिवशी पोळा. घरभर पुरणाचा वास. उन्हाची एक तिरीप खिडकीत आली, आणि कादंबरीनं डुब्याला तिच्यात उभं केलं. तो रात्री बर्फात गेला नव्हता, तिच्या उशीजवळच होता.

डुब्यानं डावं पाऊल उचललं आणि झपकन टाकलं. उजवं उचललं आणि थांबला. डावं झपकन. उजवं थांबून. डावा खांदा सगळं विसरला होता, उजव्याला सगळं आठवत होतं. डुब्या स्वतःभोवतीच वळायला लागला, एक गिरकी, दुसरी गिरकी, निळी बंडी फुगलेली, पिशवी गोल फिरणारी. मिरचीबाईचा कंदील त्याच्या तालावर डुलत होता.

"माय वं! फुगडी घालून राहिला का हा?" आई पुरणाचे हात तसेच घेऊन दारात आली, आणि हसता हसता कादंबरीचा चेहरा पाहून थांबली. "काय झालं गं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे पुष्कळ काही. बाबा पण सकाळपासून एकच चष्मा पुसून राहिले."

कादंबरी डुब्याला घेऊन फ्रिजपाशी गेली. कप्प्याचं दार उघडलं. गार वाफ बाहेर आली, तिच्या मनगटांवरून, डुब्याच्या आखूड शिंगावरून. आणखी एक रात्र, की उजवा खांदाही कोरा. उद्या तोरण तुटलं की हा बाणासारखा सुटेल. मग प्रयोगशाळा. पांढऱ्या खोल्या, कोऱ्या ठोकळ्यांचे ढीग, ज्यांना अजून कुणाचाच हात लागलेला नाही. तिला ते सगळं दिसलं, अगदी स्पष्ट, आणि ते इतकं सुंदर होतं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

डुब्या तिच्या हातात होता. तिच्या अंगठ्याखाली त्याचा उजवा खांदा होता, लोण्यानं अजून थोडा चिकट.

तिनं दार लावलं.

बाबा त्यांच्या खोलीत खिडकीशी बसले होते. दार उघडंच होतं. कादंबरी उंबऱ्यापाशी आली आणि तिचे पाय आपोआप थांबले.

"बाबा, येऊ का?"

बाबांनी वळून पाहिलं.

"ये ना."

"याचा डावा खांदा राहिलाय."

"नको वं पोरी. उद्या स्पर्धा आहे."

"म्हणून तर आले."

"तू हरशील ना."

"बहुतेक."

"तुला तिथं जायचं आहे ना, शिबिराला?"

"जायचं आहे ना! खूप जायचं आहे," कादंबरी म्हणाली. "पण डुब्यालाच घेऊन जायचंय. पळून राहिला तर तो डुब्या कसला? निरोप न देताच परत येईल तो."

बाबा हसले. मग गंभीर झाले. "नक्की?"

"बाबा!"

"बरं बरं. पाणी ठेव तापायला."

या वेळी ती शेजारी बसली. पान तिनं बुडवलं, बाबांनी दाबलं. दर वेळी हात लावायच्या आधी ते थांबले, आणि दर वेळी तीही थांबली. त्या थांबण्यात कंटाळवाणं काहीच नव्हतं, हे तिला नव्यानंच कळत होतं. दोन श्वासांच्या मधे असते ना, तशी ती एक मऊ जागा होती. शेवटी बाबांनी डुब्याच्या कानात आवतण दिलं. आईनं एका वाटीत इवलीशी पुरणपोळी वाढून त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "खात नसेल तर मी खाते, उगाच वाया नको."

तान्ह्या पोळ्याला मैदान रंगीबेरंगी झालं होतं. छोट्यांचे लाकडी बैल, त्यांच्या गळ्यात माळा. एका बाजूला मोठ्यांचा गट. अल्पनाचा ठिपक्यांचा बैल तोरणाखाली उभ्याउभ्याच झुलत होता. सुटायच्या आधी प्रत्येकानं आपल्या बैलाची झडती, म्हणजे त्याच्या कौतुकाचं गाणं, म्हणायची होती. कादंबरीची पाळी आली तेव्हा तिनं माइक धरला आणि खणखणीत आवाज टाकला:

"फळीवरती गाव माझं, ठोकळ्यांची वाट,
डुब्याच्या पिशवीमंदी निरोपांची लाट!
शिंग याचं आखूड, तरी मान पाहा ताठ,
विचारून चाले गडी, बघा याचा थाट!"

"हर बोला हर हर महादेव!" मैदान गरजलं. तिसरी ओळ म्हणताना डुब्यानं नेमकी मान कलती केली होती, पण जाऊ दे.

तोरण तुटलं. आंब्याची पानं भुरभुरत खाली आली. पोळा फुटला, आणि सगळे बैल सुटले.

डुब्यानं पाऊल उचललं. थांबला.

"आला बाप्पा, निरोप्या आला! यंदा तरी निरोप आणला का रे?" माइकवाले काका म्हणाले. लोक हसले. कादंबरीचे कान तापले. तिनं पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं नाही. तिनं डुब्याकडे पाहिलं.

डुब्यापुढे तोरणाचं एक पान पडलं होतं. तो त्याच्याकडे मान कलती करून उभा राहिला, वाट पाहिली, मग बाजूनं गेला. पुढे आणखी एक पान. पुन्हा थांबला, पुन्हा विचारलं. बाकीचे बैल ती पानं तुडवून केव्हाच पाराला पोचले होते. अल्पनाचा ठिपक्यांचा पहिला आला होता, आणि अल्पना "कादू, मी पहिली!" म्हणून किंचाळून मग स्वतःच तोंडावर हात घेऊन उभी होती. आता मैदानात एकटा डुब्या उरला होता, आणि विरळ ऊन, आणि पानं. हसणारे हळूहळू हसायचे थांबले. कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळे त्याच्या पावलांच्या मधली शांतता ऐकत होते. एका बाईनं तर शेजारणीला दटावलं, "बोलू नको वं, तो विचारून राहिला."

परीक्षक होत्या प्रयोगशाळेतून आलेल्या डॉक्टर हिमगौरी पेंडसे. त्या खुर्चीतून उठल्या, डुब्याच्या बाजूनं वाकून थोडं चालल्या आणि मग कादंबरीपाशी आल्या.

"अल्पनाचा बैल पहिला आलाय, ते तर आहेच," त्या म्हणाल्या. "पण हे थांबणं मी आजवर कुठल्याच ठोकळ्यात पाहिलेलं नाही. हे आलं कुठून?"

त्यांनी माइक पुढे केला. मैदान ऐकायला टपलं होतं. कादंबरीच्या ओठांवर सगळं तयार होतं, मेण, कण, ऊब, ठसा. असं सांगितलं असतं तिनं, की टाळ्याच पडल्या असत्या.

तिनं तोंड उघडलं, आणि ती थांबली.

गर्दीच्या अगदी मागे, पाण्याच्या पिंपाशेजारी, बाबा उभे होते. हातात भरलेला पेला.

"बाबा," ती माइकमधूनच म्हणाली, "सांगू का?"

शेकडो माना मागे वळल्या. बाबांनी पेल्याकडे पाहिलं. मग तो पिंपावर ठेवला आणि चालायला लागले. लोक वाट देत होते, तरी प्रत्येकाला विचारत, बाजूनं सरकत ते पुढे आले. डुब्याही तिकडे शेवटचं पान ओलांडून पाराशी पोचत होता. दोघं साधारण एकाच वेळी पोचले.

माइकपासून हातभर अंतरावर बाबा थांबले. मान कलती केली.

"मी सांगू का?"

कादंबरीनं माइक त्यांच्या हातात दिला आणि एक पाऊल मागे सरली.

"सांगा ना, बाबा," ती म्हणाली. "सावकाश."